चाचांची डंगरी

आमच्या शेजारच्या शिंपीचाचांइतका कापडाला मान देणारा माणूस अख्ख्या नळदुर्गात नव्हता. गिऱ्हाइकाला ते उभं ठेवत, पण कापडाला चटईवर बसवत. निजामाच्या पोलिसांचे गणवेश शिवलेले हात विलीनीकरणानंतर हमरस्त्यावरच्या ट्रक मिस्त्र्यांचा अंगभर कामाचा पोशाख, म्हणजे डंगरी, शिवू लागले, तरी इतमाम तोच. ते जाड, निळं सुती कापड रात्रभर हौदात भिजल्याशिवाय त्याला कात्री लागत नसे. एकदा एक मिस्त्री वैतागून म्हणाला, "चाचा, मला ट्रकखाली झोपायचंय, लग्नाला न्हाय जायचं!" चाचा शांतपणे म्हणाले, "आज तू घाई करशील, उद्या कापड आटंल. मग पोट आत ओढून झोप."

माप घेताना प्रत्येकाला डंगरी नावाची कुळकथा ऐकावी लागे. चाचांचे पणजोबा म्हणे बालाघाटच्या डोंगरावर माग टाकून हे कापड विणत, म्हणून ती डंगरी. विहिरीत पडलेला बैल त्यांनी याच कापडानं वर काढला होता. गिऱ्हाईक तालेवार असलं की बैलाचा रेडा होई, आणि परगावचं असलं की हत्ती.

मी तेव्हा सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून घरी आले होते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मी दुकानाच्या पायरीवर बसून नुसती ऐकत असे. माझ्याकडे इंग्रजी शब्दकोश आहे हे त्या मिस्त्र्याला कळलं आणि त्यानं पैज लावली. "किताबात दुसरंच निघालं, तर चाचा, ही गोष्ट तुमी पुन्यांदा सांगायची न्हाय."

"मंजूर! बेटी, आण तुझी किताब."

मी पान उघडून अर्थ वाचला. खोटं वाचावं असं फार वाटलं. पण चाचा कापडाच्या रंगानं निळं झालेलं बोट त्या शब्दाशी टेकवून इतक्या विश्वासानं बघत होते, की मी खरं तेच पुटपुटले. "मुंबईतल्या डोंगरी नावाच्या वस्तीवरून."

चाचांनी चष्मा पुसला. "मुंबई व्हय?" एवढंच म्हणाले आणि मशीन चालवू लागले.

नंतरचे आठ दिवस दुकानात फक्त मशीनचा आवाज. मापं बिनबोभाट घेतली जात. शेवटी तो मिस्त्रीच कासावीस झाला. "चाचा, चुकलं माझं. सांगा की ती बैलाची!"

"शर्त म्हंजे शर्त," चाचा म्हणाले.

मी पायरीवरून उठले. शर्त चाचांच्या तोंडाची होती, माझ्या नव्हे. सहा-सात अनोळखी माणसांसमोर मी सुरुवात केली. पणजोबा, बालाघाट, माग, विहीर, सगळं. भरात येऊन मी म्हणाले, "आणि त्या कापडानं त्यांनी हत्ती वर काढला."

मशीन थांबलं. मान वर न करता चाचा म्हणाले, "हत्ती न्हाय बेटी, बैल. झूट कायको बोलायचं?"

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शब्दकोशाच्या त्या पानावर त्यांच्या बोटाचा निळा डाग अजून आहे. कुणी डंगरीचा अर्थ विचारला, की मी डागाशेजारचं वाचून दाखवते. मग पुस्तक मिटते आणि बैलाची गोष्ट सांगते.