शिद्रामप्पांचं चौथं शील

शिद्रामप्पांनी तोंडात पान घातलं की सोयरीक मोडली, असं आमच्या पेठेत सगळे समजत.

ते कापडाच्या दुकानात गुमास्ते होते; पण जीव सगळा लग्नं जमवण्यात. सोलापूरपासून मैंदर्गीपर्यंत त्यांनी जमवलेली जोडपी होती, आणि प्रत्येक जोडप्यामागे दोन-तीन सुरेख थापा. काणा नवरा त्यांच्या तोंडी ‘एकाग्र नजरेचा’ होई.

माझ्या खिशात तेव्हा कायम एखादी चोपडी असे. गड्ड्याच्या जत्रेत मी बुद्धाच्या शिकवणीची चोपडी घेतली आणि दुकानाच्या पायरीवर बसून अप्पांना मोठ्याने वाचून दाखवली. दुःख आहे, त्याचं कारण तृष्णा, तृष्णा सुटली की दुःख सुटतं, आणि ती सोडवायला आठ अंगांचा मार्ग आहे.

“तृष्णाच गेली तर लग्नं कोन करंल रं?” अप्पा घाबरून म्हणाले.

मग मी पंचशील वाचलं. ते त्यांना एकदम पटलं. “जीव मारायचा न्हाय, आमच्यात मटनच न्हाय. चोरी कधी केली न्हाय. परस्त्रीकडं बघू म्हटलं तर आमची ही बघू देत न्हाय. दारू पोटाला सोसत न्हाय. चार शीलं घरबसल्या झाली की. खोटं तेवढं ऱ्हायलं.” आणि कापड मोजायच्या गजावर हात ठेवून त्यांनी तिथल्या तिथे खोटं सोडलं.

मी नाचायचाच बाकी होतो. खोटं बोलून जमवलेलं लग्न हा दरोडा आहे, त्याविरुद्ध प्रत्येक तरुणाने उठलं पाहिजे, असं माझं मत होतं, आजही आहे. फक्त तेव्हा माझं स्वतःचं लग्न जमायचं होतं.

अप्पांचे मात्र हाल झाले. खोटं बोलायचं नाही आणि कुणाला दुखवायचंही नाही. त्यामुळे अडचणीचा प्रश्न आला की ते तोंडात पान कोंबत आणि डोळे मिटून घेत.

मैंदर्गीची महादेवी गल्लीतल्या बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, असं कानावर आलं आणि माझी झोप उडाली. लग्न करीन तर हिच्याशीच. “हीच ती तृष्णा, मर्दा,” अप्पा म्हणाले. पण बैलगाडीत बसले.

तिच्या वडिलांनी पहिलाच प्रश्न टाकला, “पोरगा काय करतोय?”

अप्पांचा हात पानाच्या डब्याकडे गेला. वडिलांनी डबा उचलून स्वतःच्या मांडीखाली घेतला. “बोला की, अप्पा.”

“मिलमधी कारकून हुता. सायबाला तोंडावर बोलला. काढला त्याला.” अप्पांनी घाम पुसला. “लई तापट हाय.” मग खरेपणाच्या भरात ते माझ्याकडे वळले. “पोरगी बी काय कमी न्हाय. मागल्या साली भावाला बादली फेकून मारली हिनं.”

माझं लग्न बादलीत बुडालं, असं मी धरून चाललो.

“बादली न्हाय, तांब्या,” आतून आवाज आला. महादेवी दारात येऊन उभी राहिली. “सायबाला काय बोललासा?”

मी छाती पुढे काढली. “‘कामावरच्या बायकांना शिव्या द्यायच्या नाहीत,’ असं मी टेबलावर मूठ आपटून गरजलो.”

“गरजला न्हाईस,” अप्पा डोळे मिटून म्हणाले. “आवाज कापत हुता, असं तूच मला सांगितलंस. पन बोललास.”

ती इतकी हसली की वडीलही हसले, आणि त्या हसण्यातच साखर वाटली गेली.

गेल्या पावसाळ्यात अप्पा अंथरुणाला खिळले. आम्ही दोघं भेटायला गेलो.

“मी ह्यातनं उठीन का रं?” त्यांनी विचारलं.

एव्हाना सभा गाजवू लागलेला मी त्यांची चादर नीट करत राहिलो. महादेवीने त्यांचा हात हातात घेतला.

“न्हाय, अप्पा,” ती म्हणाली. “पन आमी हितंच हाय.”

अप्पांचा चेहरा उजळला. उशाशी बसलेल्या बायकोकडे मान वळवून ते म्हणाले, “बगितलंस? ही सोयरीक मी जमवली.”