उजवी कड

माझी आत्या ग्रुप फोटो काढते. लग्नं नाही, पासपोर्ट नाही, पालथ्या पडलेल्या बाळांचे फोटो तर मुळीच नाहीत. शाळेचे वर्ग, कारखान्यातल्या पाळ्या, निवृत्त होणाऱ्या माणसाभोवती गोळा झालेलं अख्खं ऑफिस, एवढंच तिचं राज्य. माझे वडील म्हणतात, एकेकट्या माणसाशी हिचं कधी पटलं नाही, म्हणून ही त्यांना घाऊक पकडते. आत्याला हे ठाऊक आहे आणि मान्यही आहे.

कोणताही ग्रुप फोटो हातात आला की ती आधी कडा बघते. मधल्या खुर्चीत कोण बसलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मधल्याला कोणीही काढेल, कडेचा माणूस नीट आला पाहिजे, असं तिचं म्हणणं. कडेला कोण उभं राहतं हे तिला पुरतं माहीत आहे. मधे यायला ज्याला संकोच वाटतो तो, आणि ज्याला कुणी "इकडे या" म्हणत नाही तो. वडिलांच्या कॉलेजचा फोटो आमच्या भिंतीवर होता. त्यात ते डावीकडून पहिले आहेत आणि अर्धेच आहेत. आत्याने तो उतरवून कपाटात कोंबला. माझ्या भावाला अर्धा कापणाऱ्याचं काम मला रोज बघायचं नाही, म्हणाली.

तिने पहिला कॅमेरा घेतला तो भिंगवाल्यांकडून. टपाल कचेरीमागच्या गल्लीत त्यांचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. गळ्यात कायम दोरीने भिंग लटकवलेलं, म्हणून हे नाव. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने पायरीवर थांबायचं. पण भिंगवाल्यांची एक रीत होती. कुणी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं की ते आधी त्याचा दोष सांगत, मग किंमत. याचं झाकण सैल आहे, हा थंडीत रुसतो, याची काच एकदा पडली आहे. आलेल्या प्रत्येक लेन्सने ते गल्लीतल्या समोरच्या भिंतीचा फोटो काढायचे आणि भिंगाखाली वीट न् वीट तपासायचे. त्याशिवाय माल कपाटात जात नसे.

त्या खरेदीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कॅमेऱ्याच्या चामडी केसचा वास, बटण दाबल्यावर आलेला तो जाड, समाधानी आवाज, भिंगवाल्यांच्या स्वेटरचं लोंबणारं बटण, बाहेर सायकल धरून उभे राहिलेले आणि उशीर होतोय म्हणून घंटी वाजवणारे माझे वडील. आत्या तेव्हा नुकती शिकून बाहेर पडली होती. त्या दुकानात त्या दिवशी काय काय झालं ते सगळं मला आठवतं, असं ती आजही छातीठोकपणे सांगते. तिच्या या छातीठोकपणाकडे मला पुन्हा यायचं आहे.

त्या कॅमेऱ्यावर तिने नाव कमावलं, घर चालवलं. मग सगळीकडे नवे डिजिटल कॅमेरे आले, आणि रोल धुऊन येईपर्यंत थांबायची लोकांची तयारी राहिली नाही. तिने जड मनाने जुना कॅमेरा भिंगवाल्यांकडे विकायला ठेवला. एक जण घ्यायला आला तेव्हा ती तिथेच उभी होती. भिंगवाले रीतीप्रमाणे म्हणाले, "याची उजवी कड सरळ नाही." तो माणूस मान हलवून निघून गेला आणि आत्याचं डोकं फिरलं. आयुष्यभर ज्याने कडा सांभाळल्या त्या कॅमेऱ्याच्या कडेला नावं ठेवायची, तीही परक्या माणसासमोर, म्हणजे आपलं सगळं काम एका बाजूने खोटंच की, असं ती तिथेच म्हणाली. कॅमेरा टेबलावर तसाच टाकून आली. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं घरी येऊन जाहीर केलं. आमच्याकडे तिचा राग कुणी अंगावर घेत नाही, त्यामुळे आम्ही सगळे हो म्हणालो.

नवा कॅमेरा तिने हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून घेतला. तिथे गार हवा, फिरत्या खुर्च्या, कॉफी आणि उठता बसता मॅडम. दोष विचारला तर विकणारी मुलगी हसून म्हणाली, मॅडम, नव्या मालात कसला आलाय दोष. आत्याला हे भलतंच आवडलं. तिने त्या मुलीलाच मधोमध उभं करून एक फोटो काढला, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिचं हसू बघितलं आणि तो घेऊन आली. आयुष्यभर कडा बघणारी बाई त्या दिवशी कडा बघायला विसरली.

फोटो उजव्या टोकाला पुसट यायला लागले. शाळेच्या फोटोंत कुणाच्या लक्षात आलं नाही; आत्याही आता त्या छोट्या पडद्यावरच बघून फोटो पाठवून द्यायची. पण हॉस्पिटलच्या वार्षिक फोटोत आलं. त्या हॉस्पिटलचं काम वर्षानुवर्षं आत्याकडे होतं. मोठे डॉक्टर मधे, नर्स दोन्ही बाजूंना, आणि उजव्या टोकाला स्वयंपाकघरातल्या आणि झाडलोट करणाऱ्या बायका. फोटो लागला तेव्हा तिथे भाज्या चिरणाऱ्या एक बाई बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी आत्याला अगदी साधेपणाने विचारलं, "ताई, यात मी आहे ना?"

आत्याने त्यांना बोट लावून दाखवलं. तिथे एक फिकट साडी होती आणि वर चेहऱ्याच्या जागी धूसर काहीतरी. त्या बाई बरं म्हणाल्या आणि कामाला गेल्या. त्या दिवशी आत्या घरी जेवली नाही, आणि ती जेवत नाही म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक.

हॉस्पिटलच्या कचेरीतल्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, यंदा नवी इमारत उघडते आहे, त्यासाठी पुन्हा एक फोटो काढून तो मोठा करून दारासमोरच्या भिंतीवर लावायचा आहे. या वेळीही असाच आला तर पुढचं काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल. हॉस्पिटल गेलं की बाकीचे जायला वेळ लागत नाही, हे तिलाही कळत होतं.

ती मोठ्या दुकानात भांडायला गेली. त्यांनी बिचाऱ्यांनी लेन्स बदलून दिली. आत्याने आम्हा सगळ्यांना, शेजाऱ्यांसकट, गच्चीवर बाकांवर बसवलं. उजव्या टोकाला माझे वडील होते आणि तेच पुसट आले. या घराण्यात माझ्या नशिबी पूर्ण फोटो नाहीच, असं म्हणून त्यांनी बहिणीकडे बघितलं आणि हळूच सुचवलं, भिंगवाल्यांना एकदा दाखव. आत्या बाकं उचलायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला गाडी काढायला सांगितलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, त्या बाईंनी मला ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुकानाची पायरी ती चढली. मी मागे होते म्हणून मला तिचा चेहरा दिसला नाही. भिंगवाले फार म्हातारे झाले होते, पण भिंग तेच होतं. त्यांनी ना ख्यालीखुशाली विचारली, ना टोमणा मारला. हॉस्पिटलचा फोटो टेबलावर पसरला आणि उजव्या टोकावर वाकले. बराच वेळ त्यांचं डोकं वर आलंच नाही.

"या बाईंच्या मागची भिंत बघ," ते म्हणाले. "वीट न् वीट स्वच्छ आहे. लेन्स वाईट असती तर विटाही पुसट आल्या असत्या. लेन्स चांगली आहे. तुझं बाक तिरकं आहे."

आत्या म्हणाली, बाक तिरकं कसं असेल, इतकी वर्षं मी असंच मांडते. आणि बोलता बोलता थांबली. मलाही तेव्हाच आठवलं. लहानपणापासून मी तिला बाकं मांडताना बघत आले होते. सगळं झाल्यावर ती उजवीकडे जायची आणि शेवटचं बाक एक पाऊल पुढे ओढायची. का, ते कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, फोटो असाच काढतात.

"जुन्या कॅमेऱ्याची काच आत जराशी कललेली आहे," भिंगवाले म्हणाले. "त्याला उजवीकडचं थोडं जवळ लागतं, नव्याला सगळं एका रेषेत लागतं. घेतलास तेव्हाच मी सांगितलं होतं, उजवी बाजू एक पाऊल पुढे घे."

"मला नाही आठवत," आत्या म्हणाली.

"कसं आठवेल? दोष सांगेपर्यंत मी कॅमेरा कुणाच्या हातात देत नाही. तुझ्याही दिला नव्हता. तू ओढून घेतलास आणि त्यातून माझ्या स्वेटरचं बटण बघत बसलीस."

आत्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. वास आठवत होता, आवाज आठवत होता, सायकलची घंटी आठवत होती. कामाचं एकच वाक्य डोक्यातून गेलं होतं आणि हातांनी ते इतकी वर्षं नीट जपलं होतं. तिने भिंगवाल्यांना सरळ सांगितलं, काका, त्या दिवशी मी तुम्हाला फार बोलले. ते म्हणाले, तुझा कॅमेरा अजून आहे, जो येतो त्याला दोष सांगतो, मग तो कसला जातोय. आणि वरच्या फळीवरून त्यांनी ती चामडी केस खाली काढली.

आता खरं तर काम सोपं होतं. नवा कॅमेरा निर्दोष होता, बाक सरळ मांडलं की झालं. भिंगवाल्यांनीही तेच सुचवलं. पण आत्या जुना कॅमेरा हातात घेऊन उभी राहिली, आणि मग जुन्या कामाचे फोटो आठवून म्हणाली, यात उजवीकडची माणसं जरा जवळ येतात, म्हणजे जरा मोठीही दिसतात, नाही का? भिंगवाले म्हणाले, दिसणारच. मग मला हाच हवा, आत्या म्हणाली, आणि त्यांच्याकडून रोलही मागून घेतले. घरी वडिलांनी कपाळाला हात लावला. अब्रू पणाला लागलेली असताना हिला खोडीचाच कॅमेरा हवा.

फोटोच्या दिवशी हॉस्पिटलच्या अंगणात चारशेच्या वर माणसं होती. आत्या शिडीवर, मी खाली. साहेबांनी बाकांची रांग बघितली आणि म्हणाले, उजवीकडचं जरा वाकडं वाटतंय. आत्या शिडीवरूनच म्हणाली, वाटू द्या. मग ती खाली उतरली, उजव्या टोकाला गेली आणि शेवटचं बाक आणखी थोडं पुढे ओढलं. या वेळी काय करतोय ते डोक्यालाही माहीत होतं. भाज्या चिरणाऱ्या बाई मागच्या रांगेत लपत होत्या. आत्याने त्यांना हाताला धरून पुढे बसवलं, पदर सारखा केला आणि पुन्हा शिडीवर चढली. बटणाचा तो जाड आवाज मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला.

रोल धुऊन येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आला तेव्हा आत्याने फोटो उजव्या टोकापासून बघायला सुरुवात केली. निम्म्यावर आली आणि मधलं न बघताच माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचं गाणं ऐकू आलं. तिचा आवाज वाईट आहे, पण त्या दिवशी आम्ही गाऊ दिलं.

आता तो फोटो हॉस्पिटलच्या दारासमोर पूर्ण भिंतभर आहे. मोठे डॉक्टर मधे अगदी व्यवस्थित आहेत, पण आत शिरणाऱ्याची नजर आधी उजवीकडे जाते. तिथे बायकांचे चेहरे ठसठशीत, कपाळावरची रेघ न् रेघ दिसते आहे. भाज्या चिरणाऱ्या बाई तो बघायला स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना घेऊन आल्या. या वेळी त्यांनी आत्याला काही विचारलं नाही. स्वतःच बोट लावून बाकीच्यांना सांगत होत्या, "ही मी." साहेबांनी पुढच्या वर्षीचं काम तिथेच पक्कं केलं.

एक प्रत घेऊन आम्ही भिंगवाल्यांकडे गेलो. त्यांनी फोटो पसरला आणि भिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेलं. मग ते खाली ठेवून म्हणाले, "ही मला हवी. किंमत सांग."

दोष न सांगता त्यांनी किंमत काढलेली मी कधी ऐकली नव्हती. आत्यानेही नसावी. मग ताठ उभी राहून म्हणाली, "आधी दोष ऐका. उजव्या टोकाची माणसं मोठ्या डॉक्टरांपेक्षा जरा मोठी आली आहेत."

भिंगवाल्यांनी भिंग उचललं, त्या टोकावर पुन्हा वाकले, आणि त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"याला दोष म्हणत नाहीत," ते म्हणाले. "किंमत सांग."