फरदडीच्या बांधावरचा डहाळा

बायकोलाही तीस वर्षं सांगितलं नव्हतं ते आधी सांगून टाकतो. एकोणीस वर्षांचा असताना मी आमच्या गावच्या पारावर, लोकांसमोर उभा राहून खोटं बोललो. त्या खोट्याचा डाग सटवाजी नावाच्या मेंढपाळाला लागला आणि तो आजही तसाच आहे. धारूरकडच्या डोंगरात तंबूत राहण्याची दोन दिवसांची सहल मी केली ती त्यामुळंच. माहितीपत्रकात 'मेंढपाळांसोबत एक सकाळ' असं छापलं होतं, आणि खाली दिलेला माळ आमच्या गावच्या शिवेला (हद्दीला) लागून होता. एकट्यानं जायची छाती तीस वर्षांत झाली नव्हती. म्हटलं, घोळक्यात जाऊ.

घोळका म्हणजे आम्ही अकरा जण आणि आमचा म्होरक्या अद्वैत. वय अठ्ठावीस, गळ्यात शिट्टी. चहाला शिट्टी, उतरायला शिट्टी. पुणं सोडल्या सोडल्या त्यानं प्रत्येकाला 'प्रवासातलं नाव' वाटलं. मी बोलत नाही म्हणून मला 'निवडुंग' मिळालं. शेजारच्या नाडकर्णीबाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. अद्वैत दर पाच मिनिटांनी 'महाराष्ट्राचं वाळवंट' म्हणे आणि त्या दर वेळी 'अवर्षणग्रस्त प्रदेश, वाळवंट नव्हे' असं दुरुस्त करत. बीडपर्यंत हे चाललं. ओळखपरेडीत मी 'मूळचा पुण्याचाच' म्हणालो. एका खोट्यासाठी निघालो होतो, वाटेत दुसरं बोललो.

धारूरच्या घाटाअलीकडं गाडी तापून बंद पडली. तासाभरानं गावातून सलीमभाई मेकॅनिक मोटारसायकलवर आले.

"कावून थांबले हितं? फोटोला?"

"इंजिन गरम झालंय," अद्वैत म्हणाला.

"व्हईलच की. पट्टा तुटलाय. गळ्यात शिट्टी घेतली, आन् डिकीत पट्टा ठिवला न्हाई?"

पहिल्यांदा मला हसू आलं. पट्टा बसवता बसवता सलीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "साहेब, तुमी कुठले?"

"पुण्याचा."

"पुण्याचा मानूस बसायला दगड हुडकतो. तुमी उकिडवे बसलाव, ते बी वाऱ्याला पाठ करून."

मी उठून उभा राहिलो. "पाय अवघडले होते," म्हणालो.

"आसंल," ते म्हणाले आणि पुन्हा बोनेटमध्ये वाकले.

माळावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. जागा अशी निवडलेली की वारा थेट तंबूत. खाली बाभळीचे काटे. हवेच्या गाद्या तासाभरात एकेक करून बसल्या. जेवायला अद्वैतनं पुण्याहून आणलेलं पनीर निखाऱ्यावर धरलं. वरून काळं, आतून गार. पलीकडच्या वस्तीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि आम्ही अकरा जण पनीर चघळत 'अनुभव' घेत होतो. कुणी काही बोलेना. मीही बोललो नाही. न बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

तंबूंच्या खाली फरदडीचं रान होतं. फरदड म्हणजे वेचण्या संपल्यावरही राहिल्या बोंडांसाठी राखलेला कापूस. बांधावर एक काठी रोवलेली आणि तिला कडुलिंबाचा ताजा डहाळा बांधलेला. त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

आमच्या शिवारात कापूस संपला की शेतकरी मेंढरांना रान मोकळं करतो. मेंढरं पाला खातात, रानाला खत मिळतं. पण रानावर कीटकनाशक फवारलेलं असेल तर बांधावर लिंबाचा हिरवा डहाळा बांधायचा. डहाळा वाळून त्याची पानं गळेपर्यंत कुणी मेंढरू आत घालायचं नाही. ना पाटी, ना निरोप. सगळा कारभार त्या डहाळ्याच्या भरवशावर.

त्या वर्षी वडिलांनी फवारा मारला आणि मला सांगितलं, "जाताना डहाळा बांध." मी क्रिकेट खेळायला गेलो. दुसऱ्या दिवशी सटवाजीमामांची मेंढरं रानात शिरली, अकरा मेली. पारावर लोक जमले. वडिलांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बांधला होतास का?" मी म्हणालो, "बांधला होता. यांनीच सोडला." एवढंच. मेंढरं चारण्यासाठी डहाळा सोडणाऱ्याला कोण रानात घेणार? त्यानंतर गावात कुणीच त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवली नाहीत.

सकाळी शिट्टीनं जाग आली. अद्वैत तंबूतंबूतून लिंबाच्या काड्या वाटत होता. "आज टूथब्रश बंद! अस्सल गावरान दातवण!" नाडकर्णीबाईंनी काडी चावून तोंड वाकडं केलं. मीही घेतली. कडू रस जिभेवर आला आणि मग डोक्यात उजेड पडला. या माळावर नजर जाईल तिथवर लिंबाचं झाड नाही.

"ही आणली कुठून?"

"खाली काठीला अख्खी फांदी बांधलेली होती, सर. आपल्यासाठीच ठेवली असणार. गाववाले किती छान आहेत ना!"

मी खाली पाहिलं. बांधावर नुसती काठी. आणि आमच्या 'मेंढपाळांसोबत एक सकाळ'साठी एक बाई दीडशे मेंढरं हाकत उताराला लागलेली, सरळ फरदडीच्या रोखानं. बाकीचे मोबाईल काढून उभे.

मी अनवाणी पळालो. तोंडातून निघालं ते पुण्याचं नव्हतं.

"ओ बाईऽ! मेंढरं वळवा! रान फवारल्यालं हाय! डहाळा आमीच तोडलाव!"

बाईनं क्षणभरच पाहिलं आणि काठी आडवी घातली. पुढची पाच-सहा मेंढरं बांधावर चढली होती. ती तिनं आणि मी कानाला धरून ओढली. एकानंही पान तोंडात घेतलं नव्हतं. तळपायात काटे रुतले होते ते मग कळलं. मागून अद्वैत आला. "वा निवडुंग सर, काय बोली पकडलीत!" त्याच्या गळ्यातली शिट्टी तोडून फेकावीशी वाटली. पण मला त्याच्यावर ओरडायचा काय अधिकार? त्यानं न कळून तोडला होता.

मेंढरांच्या मागून काठी टेकत म्हातारा आला. बाई त्याची सून. "मामाजी, हे म्हणत्यात रान फवारलंय."

म्हाताऱ्यानं मला खालीवर न्याहाळलं. "तुमाला कसं ठावं डहाळ्याचं?"

आवाजावरून ओळखलं, ते सटवाजीमामा होते. मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. आणि मग, तोंड दुसरीकडं न वळवता, म्हणालो, "मामा, त्या साली डहाळा मी बांधलाच नव्हता. पारावर खोटं बोललो."

मला वाटलं होतं ते शिव्या देतील, किंवा रडतील. ते वैतागले. माशी हाकलावी तसा हात झटकला.

"आरं मग मला कावून सांगतूस? म्या सोडला न्हवता, हे मला ठावंच हाय की! मी का झोपेत गेलतो सोडाया?"

त्यांनी काठी बांधावर टेकवली.

"माजी बायकू मरस्तवर म्हनायची, खरं सांगा, तुमीच सोडला न्हवं? तिला सांगाया पायजे हुतं. ती गेली. आता गावात सांग. पारावर बोललास, तर पारावरच सांग. मी अजून त्या शिवेच्या पल्याड पाय ठिवत न्हाई."

सुनेनं पदराच्या गाठीतून अर्धी भाकर काढून माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा. "पळून पळून दमलाव. खा." दोन दिवसांत तेवढंच जेवण जेवण वाटलं. नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. परतायची वेळ झाली होती.

गाडी आमच्या गावच्या फाट्यावर चहाला थांबली. फाट्यावरून पार दिसतो. पिंपळाखाली सात-आठ जण बसले होते. अद्वैतनं विचारलं, "कुणाला पाय मोकळे करायचेत?" नाडकर्णीबाई माझ्याकडं वळल्या. सकाळचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. "जाऊन या," त्या हळूच म्हणाल्या, "मी गाडी थांबवून धरते." मी चपला घातल्या. फाट्यावरचा चहा संपला, शिट्टी झाली, गाडी निघाली. मी सीटवरच होतो. बाई पुण्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, सहल कशी झाली? तिला सगळं सांगितलं. पण घरात सांगणं सोपं आहे. सटवाजीमामांना सांगणंही सोपंच होतं, त्यांना ते आधीच माहीत होतं. गावच्या पारावर, लोक बसलेले असताना, उभं राहून 'डहाळा मी बांधला नव्हता' एवढं सांगणं मी सटवाजीमामांचं अजून देणं लागतो.