शेवटच्या टीमचा पहिला मान

व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या ड्राफ्टवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी सासर-माहेरावरूनही झाली नसतील. नवरा इथे कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर. त्याचं म्हणणं, "साधा ट्रेनीसुद्धा कुठल्या कंपनीत जायचं ते स्वतः ठरवतो. आणि एवढ्या गुणी खेळाडूला कुणीतरी नाव पुकारून सांगणार, चल, तू या शहरात! हा सरळ अन्याय आहे."

मी म्हणते, अरे बाबा, तळाला राहिलेल्या टीमांनी नव्या पोरांमधून आधी निवडायचं, एवढंच तर आहे. ते काढून टाकलंस तर सगळी चांगली पोरं गडगंज टीमांकडे जातील आणि बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? काही टीमा चांगला खेळाडू मिळावा म्हणून मुद्दाम हरतात म्हणे. हरू देत. त्यांचे कान पिळा, पण ड्राफ्ट ठेवायचा म्हणजे ठेवायचा.

मी हे हवेत बोलत नाही. इथे दोह्यात आम्ही मराठी बायकांनी बास्केटबॉलची लीग सुरू केली, शुक्रवारी संध्याकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये. पहिल्या वर्षी जिला जिथे हवं तिथे ती गेली. कॉलेजात खेळलेल्या सगळ्या जणी एकाच टीममध्ये जमल्या आणि त्यांनी आमचा असा काही भुगा केला की फरीज बिन ओमरान भागातल्या निम्म्या बायका यायच्याच बंद झाल्या. दुसऱ्या वर्षी मी ड्राफ्ट आणला. चार कॅप्टन, बाकीच्या जणी समोर खुर्च्यांवर, शेवटच्या टीमला पहिला मान, आणि सगळ्यांना पोहे. साहजिकच त्याला नाव पडलं कांदेपोहे. नावं ठेवली खरी, पण गेलेल्या बायका परत आल्या.

यंदा पहिला मान माझा होता. आम्हाला मुद्दाम हरावं लागत नाही, ते आम्हाला आपसूक जमतं.

आणि यंदा समोरच्या खुर्च्यांमध्ये माझी मुलगी होती. बारावीत आहे. परीक्षा झाली की पुण्याला कॉलेजला जाणार. इतकी वर्षं आमच्या तारखा कधी जुळल्या नाहीत. तिचे क्लास, माझी ऑफिसची ऑडिटं. एकत्र खेळायचं तर हा एकच हंगाम उरला होता. मला ती माझ्या टीममध्ये हवी होती. अगदी जीव तुटत होता म्हणा ना.

पण पहिला मान सगळ्यांत चांगल्या खेळाडूला द्यायचा, हे मीच सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं. नुकतीच लग्न करून आलेली नाशिकची एक उंच मुलगी होती, कडेला उभी राहून बॉल टाकायची तर रिंगला धक्काही लागायचा नाही. मी तिचं नाव पुकारलं. माझी लेक चपळ आहे, पहिल्या फेरीत कुणीतरी उचलणार हे मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, देवा, राहू दे तिला.

राहिली. तिन्ही कॅप्टननी तिला सोडून भलत्याच जणी घेतल्या. एकीने तर गुडघेदुखीवाल्या काकूंना घेतलं. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या फेरीसाठी मी तिचं नाव घ्यायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात माझी नजर तिच्याकडे गेली.

पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. मान खाली घालून ती पोह्यातले दाणे चमच्याने नुसती इकडून तिकडे करत होती.

शेजारच्या कॅप्टन, रत्नागिरीच्या आपा, माझ्या कानाशी आल्या. "अगो, काय बघतंस? तुजी पोर ती, तुज्याच पदरात घालायची म्हणून राखून ठेवली. आमचं तिघींचं आधीच ठरलेलं."

प्रेमानेच केलं होतं सगळं. आमच्या माणसांचं हे असंच. समोरच्याचं मन राखायला जातात आणि जिची गोष्ट आहे तिला विचारायचंच राहून जातं. मी तिच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, की अगं, तुला मुद्दाम माझ्यासाठी ठेवलंय.

"आय नो," ती म्हणाली. "पण आई, मला कुणीतरी मी हवी म्हणून घ्यायला पाहिजे ना. तू तर घेणारच."

मी जागेवर परत आले. आवाज खणखणीत लावला. "बायांनो, हे काय हळदीकुंकवाचं वाण आहे का, एकमेकींना द्यायला? जिला जी हवी ती घ्या. भीड बिड खलास!" आणि मी दुसरीच एक मुलगी घेतली.

पाठोपाठ पाळी आपांची. "आधी सांगतंस काय नाय? पयलीच घेतली असती मी!" म्हणत त्यांनी माझ्या लेकीचं नाव असं पुकारलं की हॉल दणाणला. ती उठली ती पळतच. आपांनी तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि दोघी तिथल्या तिथे कोपऱ्यात उभ्या राहून हातवारे करत काहीतरी ठरवायलाही लागल्या. माझ्याकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. हेच मला हवं होतं, आणि तरीही वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू?

घरी येताना गाडीत ती स्वतःशीच हसत होती. मी विचारलं, "काय गं, आपा काय म्हणाल्या? तुला कुठे खेळवणार?"

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तू समोरच्या टीमची आहेस."

मी खूप हसले. हसता हसता डोळे भरून आले, आणि सिग्नल सुटल्याचं मला मागच्या गाडीच्या हॉर्नने कळलं.