अर्धी वेल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या हायस्कुलातल्या इंग्रजीच्या सरांचे. सर आधी सैन्यात अधिकारी होते. युद्धात शत्रूच्या कैदेत राहून आले आणि पुढे खानदेशात आमच्या गावी शिकवायला लागले. माझे वडील तेव्हा सुरतेला, बमरोली भागात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते. दहावीनंतर ते मलाही तिकडेच बोलावत होते. सर घरी येऊन आईला म्हणाले, "लूम कुठं पळून जात नाही. याला आधी बी.ए. होऊ द्या." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज सुरतेतच एका साडी-छपाईच्या मिलमध्ये ऑफिसात आहे.

सरांना आता फार कमी दिसतं. मध्यंतरी त्यांनी कैदेतली सह्यांची वही माझ्याकडे पाठवली. पानं मोठी छापून हवी होती, एकदा नीट बघायला. छावणीतल्या कैदी अधिकाऱ्यांनी एकमेकांच्या वह्यांत सह्या केल्या होत्या, चित्रं काढली होती, दहावीच्या निरोपाला आम्ही करायचो तशीच. वाचून मी गोंधळलो. एकानं लिहिलं होतं, 'डाळीत डाळ सापडली तर मला हाक मार.' दुसऱ्यानं पहारेकऱ्याच्या नुसत्या मिशाच काढल्या होत्या. भीतीचा शब्द नाही. कैदेत माणसं अशी लिहितात? मला अजून कळलेलं नाही.

मिलमध्ये साडीची डिझाइनं स्कॅन करणारा आमचा ऑपरेटर आहे. त्यानं पानं मोठी करून छापली, मी ती सरांना पाठवली. आठवड्यानं सरांचा फोन आला. आवाज एकदम तरुण.

"अरे, त्यानं वेल पूर्ण केली होती रे!"

"कुणी, सर?"

"माझा मित्र. पानाच्या कडेनं वेल काढत बसला होता. बाकीचे खोळंबले म्हणून मी वही त्याच्या हातातून ओढून घेतली, असंच मी धरून चाललो होतो. सकाळी त्याला दुसऱ्या छावणीत नेलं, पुन्हा भेट नाही. म्हणजे ओढली नव्हती मी! उगाच इतकी वर्षं…"

मी "हो सर" म्हणालो, फोन ठेवला आणि मूळ वही उघडली. वेल पानाच्या मध्यावरच थांबली होती.

ऑपरेटरला विचारलं, तर तो हसला. "भाऊ, ती मी जोडली. डाग काढले, तीच अर्धी वेल उलटी फिरवून टोकाला टोक मिळवलं. बॉर्डर तुटकी गेली तर सेठ मलाच बॉर्डरवर पाठवेल."

"अरे, ही साडी नाही."

"मग आधी सांगायचं ना! मी तर फुकटात केलं, आणि वर तुमचं तोंड असं."

त्याला काय बोलणार? साडीची वेल कुठं तुटून चालत नाही, हे त्याचं रोजचं काम. पण मी काय करावं? सर या वयात सुखानं झोपत असतील, तर ते मोडणारा मी कोण? आणि गप्प राहिलो, तर सरांच्या मित्राच्या पानावर आमच्या मिलची वेल राहणार. दोन्ही बाजू खऱ्या वाटत. याच विचारात एकदा बसमधून माझ्या स्टॉपला, पर्वत पाटियाला, उतरायचं सोडून मी पुढेच गेलो. शेवटी लिहिलं. वहीबरोबर पाठवलेलं पत्र असं:

आदरणीय सर,
सा. न.

हे पत्र आपल्या सूनबाई वाचून दाखवतील. घरात दुसरं कुणी नसताना ऐकावं, ही विनंती.

छापलेल्या पानावरची वेल पूर्ण दिसते, ती आमच्या ऑपरेटरनं जोडली आहे. मूळ वहीत ती अर्धीच आहे. आपला फोन आला तेव्हा हे मला माहीत नव्हतं. कळल्यावर सांगावं की नाही, हे ठरत नव्हतं. अजूनही बरोबर करतोय की नाही, सांगता येत नाही.

आपण वही ओढलीत की नाही, ते मला अर्ध्या वेलीवरून कळत नाही. वेलीखाली त्यांची सही मात्र पूर्ण आहे, सावकाश केलेली वाटते. सहीखाली रेघही मारली आहे. पण मला अक्षरातलं फारसं समजत नाही. सूनबाईंना ती रेघ बघायला सांगा.

आपला विद्यार्थी