तिसऱ्यांदा लावलेला कौल

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मोठं काम काढलं की देवळात कौल लावतात. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धाकट्या भावाला खराब हवेत होडी काढायची होती, तेव्हा गुरवाला कौल लावायला मीच सांगितलं. शेवटी उजवी पडली. भाऊ परत आला नाही. त्यानंतर मी दुबईला निघून आलो आणि देवीपुढे हात जोडायचं सोडलं.

इथे मी एका मॉलमधल्या, लोक घसरायला येतात त्या बर्फाच्या दालनात कामाला आहे. अल क्वोजच्या कामगार वस्तीतल्या खोलीतून घामाघूम निघायचं, जाड कोट चढवायचा आणि पांढऱ्या उतारावर फावडं मारायचं. दालन उघडण्याआधी तिथे कसलाच आवाज नसतो. आपलाच श्वास समोर तरंगत राहतो, आपण जागे आहोत की झोपेत तेही कळत नाही. अशाच एका सकाळी उतारावर एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. त्यांना इतक्या लवकर आत कोणी सोडलं, देव जाणे! काश्मीरचे, लेकीकडे आलेले. डोंगरात वाट दाखवण्यात जन्म गेला म्हणाले. माझंच फावडं घेऊन त्यांनी खड्डा खणला, कडेला बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला, वर फावडं ठेवलं आणि हातानं थापटू लागले. "बेटा, बर्फ की परतें होती हैं. ऊपर वाली जल्दी फिसल गई, तो समझो पहाड़ मना कर रहा है." मी मनात म्हटलं, अरे, हा तर कौलच की! तेवढ्यात सुपरवायझर "यल्ला, यल्ला" करत कामाला लागा म्हणून ओरडला. मी वळून पुन्हा पाहिलं, तर ते निघून गेले होते.

दोनच दिवसांनी माझ्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती पुण्यात शिकते. तीन मित्रांबरोबर हिमाचलात गेली होती. "पप्पा, हा स्लोप क्रॉस केला की टॉप! काल भरपूर स्नो पडलाय." म्हटलं, बाय माझे, आधी खड्डा खण. म्हाताऱ्यांनी दाखवलेलं सगळं तिच्याकडून करून घेतलं. चौथ्या थापेला वरची लादी सटकन निसटली.

तिनं कॅमेरा शेजारच्या बर्फाकडे वळवला. मग म्हणाली, "पप्पा, जरा बाजूला परत करून बघू? तिथे कदाचित नाही पडणार."

गुरवाला मीही हेच म्हटलं होतं, परत लावून बघा. पहिल्यांदा डावी पडली होती. दुसऱ्यांदाही डावीच. तिसऱ्यांदा मी हट्टानं लावायला लावला. मला कौल नकोच होता, होकार हवा होता. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही आणि खुशाल देवीला बोल लावत बसलो.

"नाही!" मी ओरडलो. "एकदा विचारलंस, उत्तर मिळालं. खलास. मागे फीर."

चौघं फिरली. तो उतार पुढे कोसळला की नाही, मला ठाऊक नाही, मी चौकशीही केली नाही. संध्याकाळी खालच्या गावातून तिचा फोन आला, "पोचलो. पण मी तुमच्याशी बोलणार नाहीये." नको बोलूस, म्हटलं, आणि ढसाढसा रडलो.

त्या दिवशी खोलीत इतक्या वर्षांनी देवीच्या नावानं दिवा लावला. काही मागितलं नाही. आई, तू दोनदा नको म्हणाली होतीस, एवढंच म्हणालो.