दीनाबाईंनी कापलेला एप्रन

दीनाबाईंच्या कपाटात चुरगळलेली वस्तू शोधून सापडली नसती. मिशनच्या बोर्डिंगात लहानपणीच लागलेली शिस्त. रुमाल असो की चादर, कडेला कड लावून चौपदरी घडी. पुणतांब्याच्या रस्त्यावरच्या छोट्या दवाखान्यात सात वर्षं त्या एक्स-रे काढत होत्या आणि सात वर्षं रोज संध्याकाळी शिशाच्या एप्रनचीही तशीच घडी घालत होत्या.

शिशाचा म्हणजे शिशाची पूड मिसळलेल्या जाड रबराचा, वरून कापड. चढवला की खांदे भरून यायचे, पण किरण अडायचे. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळी कामावर खडी फोडताना हात मोडलेले लोक रोज येत, त्यांत पोरंही. पोर टेबलावर स्थिर राहत नाही, म्हणून एप्रन घालून त्याला धरायचं काम दवाखान्यातल्या आयाचं, दयाचं. तिला चौथा महिना होता.

एकदा एप्रन पुसताना घडीवर दीनाबाईंच्या बोटांना खाच लागली. कापडाखालचं रबर तुटल्यासारखं. त्यांनी डॉक्टरांना दाखवलं.

"कापड शाबूत आहे की!" डॉक्टर म्हणाले.

"कापड किरण अडवत नाही, साहेब. याचाच एक एक्स-रे काढते."

"वेड लागलंय का बाई? फिल्म माणसांना पुरत नाहीत, एप्रनला कुठून देऊ?"

दीनाबाई "बरं" म्हणाल्या, आणि डॉक्टर जेवायला गेले तशी एप्रनचा पोटावरचा भाग टेबलावर पसरून फिल्म वापरून मोकळ्या झाल्या. असल्या कामाला परवानगी मागत बसलं की काम होत नाही.

धुतलेली फिल्म त्यांनी खिडकीशी धरली. शिशामुळे सगळी पांढरी हवी होती. तिच्यावर दोन काळ्या रेघा होत्या, एक उभी, एक आडवी. जिथे छेदत होत्या तिथे बोटभर काळा डाग. दयाचं पोट नेमकं तिथेच यायचं.

डॉक्टर परतले, त्यांनी फिल्म उजेडाशी धरून बघितली. मग म्हणाले, "हे कशानं झालं?"

"माझ्या घडीनं. रबर म्हणजे लुगडं नव्हे, हे मला कळायला हवं होतं."

"नवा मागवतो. दोन-तीन महिने लागतील. तोवर जरा सांभाळून..."

"काय सांभाळून? दयाला या भोकामागे उभी करून?"

दीनाबाईंनी मोठी कात्री उचलली आणि भेगेवरून एप्रन कापायला घेतला.

"अहो, होता तोही घालवलात!"

"असता तर घालवला असता."

दया दारातून बघत होती. "आवो बाई, आता पोरं कोन धरनार?"

"वाळू धरेल. तू केसपेपर लिही. आणि या खोलीत पाऊल टाकलंस तर बघ!"

जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून त्यांनी वाळू भरली. पहिलंच पोर पिशवीखालून हात ओढून घेऊन मोकळं झालं, फिल्म वाया. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी तिकडे बघितलंच नाही. दुसऱ्या वेळी रुंद पट्टीनं कोपर बांधलं, पोराच्या आईला बाहेर काढलं, स्वतः भिंतीआड गेल्या. हाड स्वच्छ दिसलं. कापलेल्या एप्रनचे भेगा नसलेले तुकडेही फुकट गेले नाहीत. किरण अडवायला ते पोरांच्या मांड्यांवर घालायला झाले.

नवा एप्रन आला दिवाळीनंतर. तोवर दयाची मुलगी महिन्याची होत आली होती, आणि बाईंनी भिंतीला जाड बांबू आडवा बसवून ठेवला होता. एप्रन त्यावर टाकला. तो गबाळ्यासारखा लोंबायचा. येता-जाता बाईंचे हात शिवशिवायचे. हात पाठीमागे बांधून त्या पुढे जायच्या.